फळ्यावरचा तिसरा अर्थ

न्हेम सारून नावाच्या आमच्या गुरुजींनी मला फळ्यावर चढवलं, त्यानंतर आठ दिवस मी त्यांना नूडल्स वाढल्या नाहीत. 'मी नाव लिहिलं नव्हतं,' असं ते आजही म्हणतात. त्यांनी फक्त 'चिंचेखालची बाई' एवढंच लिहिलं होतं. आमच्या गावात चिंचेचं झाड एकच, त्याखाली दुकान मांडून बसणारी बाई एकच, आणि ती मी, साम ओल.

त्यांचं घर माझ्या दुकानाला लागून. खांबांवर उभ्या असलेल्या त्या घराखालच्या मोकळ्या जागेत त्यांची इंग्रजीची शिकवणी चालते, पण फळा फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून. रोज सकाळी त्यावर एक इंग्रजी शब्द, त्याखाली आमच्या ख्मेर भाषेतला अर्थ आणि त्याखाली एक उदाहरण. उदाहरण गावातलंच हवं, हा त्यांचा हट्ट. पुस्तकातल्या परक्या माणसांच्या भानगडींशी आपल्याला काय करायचंय, म्हणतात. त्यामुळे मडक्यांच्या गाड्या घेऊन बाजाराला निघालेला अख्खा गाव तिथे मिनिटभर थांबतो. इंग्रजीसाठी कोणी थांबत नाही. आज कोणाची पाळी आली आहे ते बघायला थांबतात.

त्या दिवशीचा शब्द होता 'डिसीट'. फसवणूक, एवढं लिहून दुसरा कोणीही मोकळा झाला असता. पण गुरुजींची एक जुनी डिक्शनरी आहे, पुठ्ठा गेलेली, चौकड्यांच्या पंच्यात गुंडाळून ठेवलेली. तिच्यात या शब्दाला तीन अर्थ होते. पहिला अर्थ: स्वतःच्या फायद्यासाठी खोटं ते खरं म्हणून दुसऱ्याच्या गळी उतरवणं. उदाहरण: चिंचेखालची बाई कालच्या नूडल्स आजच्या म्हणून विकते.

मी पळी हातात घेऊनच फाटकाशी गेले.

"गुरुजी, चाळीस वर्षांचा शेजार आहे आपला!"

"म्हणून तर नाव नाही लिहिलं."

"एकदाच विकल्या होत्या. गिऱ्हाईकच फिरकलं नव्हतं त्या दिवशी."

"एकदा म्हणजे किती वेळा, ओल?"

मी परत आले. या माणसाशी वाद घालायचा म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध साक्ष द्यायची.

दुसऱ्या दिवशी त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आला: एखादी वस्तू आहे त्याहून मोठी करून दाखवणं. उदाहरणात आमचे आचार छुम, म्हणजे गावचे पुरोहितच. लग्नं लावतात, मुहूर्त काढतात, आजाऱ्याच्या मनगटाला लाल दोरा बांधतात. गुरुजींनी लिहिलं, 'आचार बाजारातला दोरा मंतरलेला म्हणून बांधतात.'

आचार तणतणत आले. "मंतरतो की! बाजारातून आणला की मंतरतो."

"कुठे?"

"येताना. रस्त्यात."

"मोटारसायकलवर?"

"हात हँडलवर असतात, तोंड मोकळंच असतं ना!"

तिसऱ्या दिवशी फळ्यावर नुसता तिसरा आकडा आला आणि पुढे कोरी जागा. डिक्शनरीत तिसऱ्या अर्थाच्या नेमक्या जागी वाळवीनं भोक पाडलं होतं. आता गुरुजींना चैन पडेना. अर्थ दोनच आहेत असं लिहावं तर ते खोटं, कारण तिसरा होता. आणि मनानं काही ठोकून द्यावं तर तेही खोटं. फसवणुकीचा अर्थ सांगताना फसवणूक करायची नाही म्हणून तो आकडा पाच दिवस तसाच उघडा उभा होता.

सगळा गाव मदतीला धावला. आचार म्हणाले, "बुजगावणं लिहा."

तो तापाचा हंगाम होता. प्रत्येक फाटकावर बुजगावणं उभं होतं: गवताचं अंग, जुना शर्ट, डोक्यावर हेल्मेट, हातात लाकडी बंदूक. रोगराई घेऊन फिरणाऱ्या भुतांना वाटावं, इथे पहारा आहे. फक्त गुरुजींचं फाटक मोकळं. भुतांनासुद्धा खोटं सांगू नये, असं त्यांचं मत.

"पण भूत म्हणजे काही माणूस नव्हे," आचार म्हणाले. "त्याला फसवलं तर ती फसवणूक होत नाही."

"डिक्शनरीत 'दुसऱ्याला' असं आहे. दुसरा जिवंत हवा, असं कुठे म्हटलंय?"

"मग मच्छीमारानं गळाला किडा लावला तर?"

"तीसुद्धा फसवणूकच. पण ती पहिल्या अर्थात गेली."

गुरुजींच्या या खरेपणानं आम्ही सगळे पोळलेलो आहोत. लग्नघरी यजमानानं हात जोडून विचारावं, जेवण कसं होतं, तर हे सांगणार की डुकराचं मांस कच्चं होतं. एकदा एका मयताला त्यांना चार शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, गेलेला माणूस मडकी उत्तम घडवायचा आणि बायकोला मारायचा. सगळे खाली बघत राहिले. दोन दिवसांनी त्या विधवेनं गुरुजींच्या पायरीवर केळ्यांचा घड आणून ठेवला. पण ती एकटीच. बाकी कोणी त्यांना मयताला बोलायला बोलावत नाही.

ते जन्मापासून असे नव्हते. काळ्या कपड्यांतल्या क्रांतिवाल्यांच्या राजवटीत, शिकलेला माणूस ओळखू आला की संपत असे तेव्हा, गुरुजी पावणेचार वर्षं बैलगाडी हाकत होते. चष्मा शेतात पुरला, गाव खोटं सांगितलं, बापाचं नाव खोटं सांगितलं, अक्षरओळख नाही म्हणून सांगितलं. परत आले तेव्हा म्हणाले, "जन्मभराचं खोटं बोलून झालं. माझा शिधा संपला." आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत असते एकेकाची.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना आणि बोंग मोमला पहिला मुलगा झाला. मोम माझी चुलतबहीण, माझ्याहून मोठी, म्हणून बोंग. मुलाचं नाव विराक.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला कोणी सुंदर म्हणत नाही. त्याची गेल्या जन्मीची आई आसपासच असते. बाळ झोपेत हसतं ते तिला बघून. इथे पोराचं कौतुक चाललं आहे हे तिच्या कानावर गेलं की ती म्हणते, माझंच ते, आणि घेऊन जाते. म्हणून बघायला आलेल्या बाईनं नाक मुरडून म्हणायचं, शी, काय ओंगळ पोर! आणि आईनं मनातून खूश व्हायचं. जितकं वाईट बोलाल तितकी माया जास्त.

विराकला बघायला आम्ही सगळ्या जमलो होतो. माकड म्हणून झालं, बेडूक म्हणून झालं, मी स्वतः जळकं लाकूड म्हणाले. गुरुजी कोपऱ्यात बसले होते, ते एकदम उठले. "काय बोलताय तुम्ही? एवढं सुंदर मूल मी जन्मात पाहिलेलं नाही."

मूल होतंच तसं. एकोणिसाव्या दिवशी त्याला ताप भरला आणि बाविसाव्या दिवशी ते गेलं.

डासांचा ताप होता. त्या वर्षी गावातली सहा मुलं गेली, आणि त्यातल्या पाचांना सगळ्यांनी रीतसर माकडच म्हटलं होतं. हे मला कळतं. बोंग मोमलाही कळत असणार. तिनं गुरुजींना कधी एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं त्यांना 'कसं झालंय?' असं विचारणं सोडलं. मासळीचं आंबट कालवण असो, नवं वस्त्र असो, लेकीच्या लग्नाचा मांडव असो, एकेचाळीस वर्षांत तिनं नवऱ्याचं मत विचारलं नाही. पुढे लेक झाली, लेकीला मुलगी झाली, तेव्हा बायका बाळ बघायला यायच्या दिवशी बोंग मोमनं गुरुजींना काही ना काही काम काढून गावाबाहेर पिटाळलं. ते मुकाट्यानं गेले. का पाठवतेस, असं त्यांनीही कधी विचारलं नाही.

आणि 'डिसीट' फळ्यावर असतानाच नात केसोर बाळंत झाली. मुलगी.

केसोर गुरुजींच्या हाताखाली शिकली आणि सिएम रीपला एका लॉजमध्ये इंग्रजी बोलायच्या नोकरीवर लागली. नवरा तिकडेच, महिनाअखेरीला यायचा होता. ती आजीकडे बाळंतपणाला आलेली. बांबूच्या खाटेवर झोपलेली, खाली निखाऱ्यांची शेगडी. तिसऱ्या दिवशी ती शेगडी उतरवायची, सुईणीचा मान करायचा आणि बायकांनी बाळ बघायचं. केसोरनं आदल्या दिवशी जाहीर केलं, "ता आल्याशिवाय मी शेगडी उतरवू देणार नाही." ता म्हणजे आजोबा, याय म्हणजे आजी.

"ता कशाला इथे बायकांत?" बोंग मोम म्हणाली.

"याय, तुम्ही सगळ्या माझ्या पोरीला बेडूक म्हणणार. म्हणा. पण जो कधीच खोटं बोलत नाही अशा एका तरी माणसानं तिला बघावं, असं मला वाटतं. शिकवणीत ता 'बरं' म्हणाले की मला महिनाभर पुरायचं."

बोंग मोम माझ्याकडे आली. "ओल, काहीतरी कर. उद्या त्यांना कुठेतरी घेऊन जा."

"मी? मी बोलत नाही त्यांच्याशी. मी कालच्या नूडल्सवाली."

"ओल," ती म्हणाली. एवढंच. मला थट्टा आवरती घ्यावी लागली. एकेचाळीस वर्षांत ती म्हातारी झाली होती, पण भीती तेवढीच राहिली होती.

त्या दुपारी गुरुजी स्वतःच माझ्या दुकानात आले. स्टूल ओढून बसले.

"ओल, तू खोटं बोलतेस तेव्हा सुरुवात कुठून करतेस?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर डोक्यात पळी घातली असती. पण ते विद्यार्थ्यासारखे विचारत होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

"मी नूडल्सपुरतंच बोलते, गुरुजी."

"तेवढंच शिकव. मला एकच शब्द बोलायचा आहे."

मग मी शिकवलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, पण जमिनीकडेही बघायचं नाही, हनुवटीकडे बघायचं. बोलायच्या आधी थांबायचं नाही. बोलून झालं की लगेच दुसरं काहीतरी विचारायचं. शेवटी सरावासाठी मी त्यांच्यापुढे वाटी ठेवली. आठ दिवसांनी पहिल्यांदा, आणि मुद्दाम कालच्या नूडल्सची.

"म्हणा, या ताज्या आहेत."

त्यांनी घास घेतला. माझ्या हनुवटीकडे बघितलं. ओठ हलले. कपाळावर घाम आला. "ओल," ते म्हणाले, "या कालच्या आहेत."

मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सुईणीला तांदूळ आणि मेणबत्त्या दिल्या, आचारांनी बाळाच्या मनगटाला दोरा बांधला. भुतांवर विश्वास नसलेल्या केसोरनं दुसऱ्या मनगटालाही बांधून घेतला. मग बायका सुरू झाल्या. कोणी म्हणालं, सुकी मासळी. कोणी म्हणालं, फुटकं मडकं. मी पुन्हा जळकं लाकूडच म्हणाले, मला दुसरं सुचत नाही. केसोर प्रत्येक शिवीला लाजत होती. पोरगी खरोखर अशी होती की बघत राहावं.

गुरुजी जिना चढून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चष्मा पुसलेला. बोंग मोम चुलीपाशी कालवणाचं भांडं ढवळत होती, तिचा हात थांबला. गुरुजी वाकले. खूप वेळ बघत राहिले. थांबायचं नाही असं मी दहा वेळा बजावलं होतं, पण ते विसरले.

"ओंगळ आहे," ते म्हणाले.

बोंग मोमनं डोळे मिटले. माझा जीव भांड्यात पडला. आता नेमाप्रमाणे सगळ्यांनी हसायचं, केसोरनं लाजायचं आणि कालवण वाढायला घ्यायचं.

कोणी हसलं नाही.

आचार छुम हळूच पुढे सरकले आणि बाळाकडे निरखून बघू लागले. "कान जरा बाहेर आले आहेत, नाही?"

"मला आल्या आल्याच वाटलं होतं," सुईण म्हणाली. "म्हटलं, कशाला बोला."

"नाक बापाचं असेल," तिसरी म्हणाली, समजूत घालायच्या आवाजात.

आम्ही सगळ्या आयुष्यभर खोटं बोलत आलो, म्हणून आमच्या शिव्यांना आशीर्वादाची किंमत होती. गुरुजींचा शब्द मात्र नुसता शब्द होता. ते ओंगळ म्हणाले म्हणजे पोर ओंगळ. केसोरच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिनं बाळाकडे बघितलं, जणू काही आता पहिल्यांदाच.

"ता, खरंच?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. खोटं कसं बोलायचं ते मी शिकवलं होतं. खोट्यावर विश्वास बसला तर काय करायचं, ते शिकवायचं राहून गेलं होतं.

"ता, खरं सांगा ना. तुम्ही माझ्याशी खोटं नाही बोलणार."

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बाळ झोपेतच हसलं, छपराकडे तोंड करून, तिथे कोणीतरी असावं तसं. गुरुजींनी वर बघितलं. खांब, झावळ्या, अंधारा कोपरा. त्यांचे ओठ घट्ट मिटले.

"मी खोटं बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. हे दुसरं खोटं त्यांना अगदी सहज जमलं.

केसोर हुंदके देऊन रडू लागली. बायका तिला सांगत होत्या की मोठेपणी चेहरे सुधारतात. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि गुरुजींचा इतका अभिमान वाटला की त्याचाही संताप आला.

बोंग मोमनं एक वाटी भरली आणि ती खाली गेली. मी तिच्यामागून गेले. शिकवणीच्या बाकावर गुरुजी बसले होते, हात मांडीखाली घालून. तिनं वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि उभी राहिली. त्यांनी एक चमचा घेतला.

"कसं झालंय?" बोंग मोमनं विचारलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं. एकेचाळीस वर्षांनी प्रश्न आला होता, आणि मी मनातल्या मनात ओरडत होते: चांगलं म्हणा, एकदा तरी चांगलं म्हणा.

"मीठ जास्त झालंय," गुरुजी म्हणाले.

बोंग मोम हसायला लागली. खांद्यावरच्या पंच्याचं टोक तोंडात कोंबून हसत राहिली आणि डोळे पुसत राहिली. त्यांनी ते खारट कालवण शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. मग उठून फाटकाशी गेले. तिसऱ्या आकड्यापुढची जागा ओल्या फडक्यानं पुसली आणि खडूनं तिथे एक ओळ लिहिली. नुसती इंग्रजीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच खाली ख्मेर अर्थ नाही.

आचार छुम चपला घालता घालता थांबले. "गुरुजी, अर्थ?"

"घरी अभ्यास करा."

"निदान तोंडी तरी सांगा."

"तोंडी सांगायचा नाही," गुरुजी म्हणाले.

मी तेव्हा सव्वीस वर्षं त्या शिकवणीच्या शेजारी नूडल्स विकत होते. त्यांच्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा मला जास्त येतं. मी ती ओळ वाचली आणि सगळं लक्षात आलं. आमच्या गावातल्या गेल्या जन्मीच्या आया आमच्यासारख्याच अडाणी, त्यांना इंग्रजी कुठलं येतंय? सिएम रीपकडचं सांगता येत नाही. तिथे पर्यटकांच्या संगतीनं भुतंसुद्धा चार शब्द शिकली असतील. आज सांगायला हरकत नाही, पोरगी पाच वर्षांची झाली आहे आणि इतकी वात्रट आहे की तिला कोणी न्यायला आलंच तर दुपारपर्यंत परत आणून सोडेल. फळ्यावर लिहिलं होतं, 'ही मी आयुष्यात पाहिलेल्या मुलांमध्ये दुसऱ्या नंबरचं सुंदर मूल आहे.'

मी वर हाक मारली. "केसोर, खिडकीत ये. तुझ्या तांनी पाठ दिलाय."

केसोर बाळाला छातीशी धरून खिडकीत आली. सुजलेल्या डोळ्यांनी तिनं वाचायला सुरुवात केली. हसली. मग एका शब्दावर अडली, परत मागे जाऊन वाचलं, आणि पुन्हा रडली. पण या वेळी तिनं बाळाच्या कपाळाचा वास घेतला आणि मोठ्यांदा म्हणाली, "ओंगळ कुठली!"

गुरुजी फळ्याकडे पाठ करून उभे होते, खडूचे हात शर्टाला पुसत. बोंग मोम माझ्या शेजारी आली. तिला ना इंग्रजी येतं ना ख्मेर अक्षरं.

"ओल, काय लिहिलंय?"

आता मी काय सांगणार? सरळ सांगावं तर आमच्याच भाषेत सांगावं लागणार, आणि ऐकणारी ऐकत असणार. "शाळेतल्यासारखा नंबर दिलाय पोरीला," मी म्हणाले.

"कितवा?"

"दुसरा."

रस्त्यानं मडक्यांची एक गाडी गेली, ती वळणाआड जाईपर्यंत बोंग मोम तिच्याकडे बघत राहिली.

"पहिल्याचं नाव लिहिलंय?"

"नाही."

"लिहा म्हणावं," ती म्हणाली, आणि आवाज जराही न दबवता म्हणाली. "आणि आपल्या भाषेत लिहा. त्याला आता कोण नेणार आहे?"